खरं गिधाड वर आहे

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी गिधाड नाही. मी गिधाडाचा एक जुना पोशाख आहे. शिलाई मशीनमागच्या खिळ्याला मान टाकून लटकलेलं काळं बोचकं दिसतंय ना, ते मीच. हसू आलं तर खुशाल हसा. माझा जन्मच मुळी पोरांना हसवण्यासाठी झाला.

मला जन्म दिला तो एका शिंपिणीने. बाई दिवसभर शाळेचे गणवेश शिवायची. तिचा धाकटा दीर शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता, ताडमाड उंच. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीवर गिधाडं पाहिली होती, आभाळभर. मग गुरांना टोचायचं एक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊ लागलं आणि ती पटापट मेली. खाणीच्या कड्यावर एकच जोडी उरली. गावात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"वहिनी, मला गिधाड करा," तो एक दिवस म्हणाला.

"तुम्हाला वेगळं काय करायचं, भावोजी? नुसती मान पुढे काढा, झालं!"

असं म्हणाली खरी, पण लगेच कामाला लागली. दोन मोडक्या छत्र्यांचे माझे पंख झाले, काड्यांसकट. अंग जुन्या ब्लँकेटचं, गळ्याभोवती उशीतला कापूस, चोच कागदाच्या लगद्याची. मानेत जाळी लावली, त्यातून तो बाहेर बघायचा. मान मात्र वाकडी झाली. तिने उसवली, पुन्हा शिवली, पुन्हा वाकडी. शेवटी दोरा तोडत म्हणाली, "राहू दे. विचारात पडल्यासारखं वाटतं."

मग आमचा संसार सुरू झाला. बस धुऊन झाली की तो मला अंगात चढवायचा आणि आम्ही बाजाराच्या कोपऱ्यावर, नाहीतर शाळेच्या पटांगणात नाचायचो. मेलेली जनावरं गिधाडांनी साफ केली नाहीत तर काय घाण माजेल, ते तो असं रंगवून सांगायचा की पोरं नाक दाबून खिदळायची. कुणी माझी शेपूट ओढायचं. मोठी माणसं तोंड वाकडं करायची. "शी! गिधाड काय? मोर तरी करायचा!" मला राग यायचा, पण बोलणार कसा? पोरं मात्र त्याला गिधाडकाका म्हणू लागली. खेळ संपला की तो माझं डोकं काढून बगलेत मारायचा आणि घाम पुसत म्हणायचा, "हे खोटं. खरं गिधाड वर आहे. मान वर करा!" आणि पोरं खरंच मान वर करायची.

पण माणसं जमायची किती? मोजकीच. एकदा तर समोर तीन पोरं आणि एक कुत्रं. त्या कुत्र्याचाही जीव माझ्या शेपटीत. घरी येऊन तो मशीनशेजारी बसायचा. "लोक येत नाहीत हो वहिनी. एकदा सगळं गाव आलं ना, तर कुणी त्यांना मरू देणार नाही." ती त्याच्यापुढे चहा ठेवायची.

आणि त्या वर्षी, कितीतरी वर्षांनी, जोडीने अंडं घातलं. गिधाडं एका वेळी एकच अंडं घालतात, मित्रांनो. आळीपाळीने त्यावर बसतात, ऊन-वारा लागू देत नाहीत. त्याने दुर्बिणीतून ते पाहिलं आणि घरी आला तो हातवारेच करत. त्याच सुमारास कुणाच्या तरी आईने आमच्या नाचाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि तो गावभर झाला. वन्यजीव कार्यालयातले साहेब स्वतः आमच्या घरी आले. म्हणाले, मोठा जनजागृतीचा कार्यक्रम करू, जागा तुम्ही सांगा.

"खाणीपाशी घेऊ," तो म्हणाला. "लोकांना खरं दाखवू."

साहेब गेले तशी मशीन थांबली. "भावोजी, वर अंडं आहे ना? एवढी माणसं तिथे न्यायची?"

"अहो, लांबूनच बघतील. दोरी बांधणार आहोत."

तिने दोरा सुईत ओवला, मान हलवली आणि माझा फाटलेला पंख शिवून दिला.

लोक आले! काय सांगू, लोंढेच्या लोंढे आले. शाळा आल्या, गाड्या आल्या, फुगे आले, शिट्ट्या आल्या. "बघ रे, आले!" तो आतून मला म्हणाला. त्याचं काळीज माझ्या ब्लँकेटवर धडधडत होतं. इतका आनंद मी त्याच्या अंगात कधी पाहिला नव्हता. आम्ही बेभान नाचलो. दोरी कधीच तुटली होती. गर्दी थेट कड्याच्या पायथ्याशी भिडली, भोंगे सुरू झाले आणि फोटोसाठी कुणीतरी ड्रोन वर सोडला. तो घोंघावत कपारीकडे निघाला.

जाळीतून आम्ही दोघांनीही पाहिलं. कपारीतून मादी उठली. मागोमाग नर. त्यांचे भले मोठे पंख सगळ्यांच्या डोक्यावरून गेले.

आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने माझं डोकं उपटून फेकलं. "गप्प बसा! अंडं उघडं पडलंय! मागे व्हा, पाया पडतो, मागे व्हा!" लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. टाळ्या आणखी वाढल्या.

गर्दी पांगायला संध्याकाळ झाली. तो दूर एका दगडावर बसून राहिला, मानेपर्यंत मला घालून. गिधाडं उंच घिरट्या घालत होती, खाली काही येत नव्हती. मग दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी आली नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी वनरक्षक दोराने कपारीपर्यंत गेला. खाली येऊन एवढंच म्हणाला, "गार पडलंय."

वहिनीने मला त्याच्या अंगातून काढलं. 'मी सांगितलं होतं' असं ती एका शब्दानेही म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला रडता तरी आलं असतं. तिने मला धुतलं आणि इथे टांगलं. तो अजून बस चालवतो. मला अंगात घालत नाही.

परवा एक चिमुरडी गणवेशाचं माप द्यायला आली. माझ्या चोचीवर हात फिरवत तिने विचारलं, "गिधाडकाका, खरं कुठे आहे?" तो दारातच उभा होता. त्याची मान सवयीने वर गेली. रिकाम्या आभाळाकडे त्याने क्षणभर पाहिलं आणि मान खाली घातली.

"हेच," तो म्हणाला. "आता हेच."

मित्रांनो, त्या दिवशी कुणी दगड मारला नाही. सगळे प्रेमाने आले होते, हेच तर मला सहन होत नाही. तुम्ही प्राण्यांसाठी जरूर झटा. नाचा, गा, शाळेत सांगा, चौकात ओरडून सांगा. पण त्यांच्या दाराशी जाऊ नका, आणि जावंच लागलं तर आवाज खाली ठेवा, लांब उभे राहा आणि लवकर परत फिरा. कुठेतरी एखादी जोडी आजही अंड्यावर बसली असेल. तिला तुमच्या टाळ्या नकोत. वाजवायच्याच असतील तर इथे या आणि माझ्यासाठी हव्या तेवढ्या वाजवा. माझ्या पंखाखाली काही नाही.