पडणे हेच माझे काम

जुना लाकडी अडथळा आहे मी, मित्रांनो. अडथळ्यांच्या शर्यतीत ज्याच्यावरून मुले झेप घेतात, तोच. आमच्या ग्वाल्हेरात मला सगळे हर्डल म्हणतात. एरवी मी शांत स्वभावाचा. ज्याचा जन्मच लाथा खाण्यात गेला, त्याने रागावून कसे चालेल? पण गेल्या रविवारपासून माझा राग काही केल्या शमत नाही.

आधी माझी घडण समजून घ्या, म्हणजे राग समजेल. जमिनीवर बसून पाय लांब केलेल्या माणसासारखा मी दिसतो. दोन उभे खांब, त्यांवर आडवी पट्टी, आणि खाली एकाच बाजूला पसरलेले दोन लोखंडी पाय. धावणारा नेहमी या पायांच्या बाजूने आला पाहिजे. मग त्याचे पाऊल पट्टीला लागलेच, तर मी पलीकडे पालथा होतो आणि मूल पुढे निघून जाते. मला उलटे ठेवले, तर मी पडत नाही. भिंतीसारखा उभा राहतो. मग मूल पडते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका सुताराकडून मला बनवून घेतले जगदेवरावांनी. ते तिथल्याच शिंदे की छावनी या वस्तीत राहतात. त्यांच्या वाडवडिलांनी शिंद्यांच्या फौजेत घोडे पळवले, यांनी मुरारच्या मैदानावर मुले पळवली. उन्हाळा असो की थंडी, सकाळी त्यांची सायकल मैदानावर हजर. मुले त्यांना सर म्हणत. त्या मुलांची मुलेही आता सरच म्हणतात.

नव्या मुलाला सर पहिल्या दिवशी उडी मारू देत नसत. "आधी पाड याला," ते म्हणत. मूल बिचकत हाताने मला ढकले. मी धाडकन पडे. "पाडलास? आता उचल. आता सांग, भीती कोणाची?" पुढे ते मूल कितीही तयार झाले तरी नियम एकच. धावण्याआधी पहिला अडथळा तळहाताने पाडून बघायचा, मग पुन्हा उभा करायचा. बघणारे हसत. "खंभे को नमस्ते कर रहे हैं क्या?" असे विचारत. सर म्हणत, "हो, आणि खांबाने वाकून उलट नमस्कार केला, तरच धावतात."

त्या मुलांत दौलतसिंह नावाचा एक मुलगा होता. चपळ, पण भारी हट्टी. एकदा मित्रांना ऐट दाखवायला तो माझ्यावर असा काही आदळला, की माझी पट्टी उभी चिरली. पण मी पडलो होतो. दौलत उठला, तळहात तेवढा खरचटला होता. सरांनी त्याचा गुडघा चाचपून पाहिला आणि म्हणाले, "तुझा गुडघा वाचला, याची पट्टी गेली. सौदा वाईट नाही." मग त्यांनी चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकली. ती आजही माझ्या अंगावर आहे.

पुढे हलके, धातूचे हर्डल आले आणि आम्ही लाकडी भावंडे कोठीमागे गेलो. कोणी आमच्यावर रजया वाळवल्या, कोणी बकरी बांधली. मी रागावलो नाही, मित्रांनो. रजईही कुणाच्या तरी थंडीच्याच कामाची.

मग आला गेला रविवार. दौलतसिंह आता मोठे गृहस्थ झाले आहेत, मैदानाच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी एका बड्या पाहुण्यांचा सत्कार ठेवला आणि पाहुण्यांना दाखवायला प्रांजलीची दौड. प्रांजली टोपी बाजारातल्या दुकानदाराची मुलगी, सरांची आताची सगळ्यात गुणी शिष्या. पुढच्याच आठवड्यात भोपाळला तिची निवड चाचणी. पाय मुरगळला तरी वर्षभराची मेहनत वाया.

फोटोत जुने लाकूड छान दिसते म्हणून आम्हाला बाहेर काढले, रंगवले आणि प्रत्येकाच्या पट्टीवर पाहुण्यांच्या नावाची पाटी ठोकली. ठोकणाऱ्याने ती चुकीच्या बाजूला ठोकली. मैदानाच्या टोकाला, शर्यत संपते तिथे मंच, आणि नाव मंचाकडून दिसेना. पाट्या काढून पुन्हा ठोकायच्या, तर रंग खरवडला असता. दौलतसिंहांनी सोपा उपाय सांगितला, "अरे, इन्हीं को घुमा दो ना!"

आणि आम्हाला फिरवले. सगळ्यांना. उलटे! ज्याचा गुडघा मी माझी पट्टी देऊन वाचवला, त्याच्याच हुकमावरून!

सर कुठे होते? दोरीच्या बाहेर. मंचावर त्यांना खुर्ची नव्हती आणि पहारेकऱ्याला पास हवा होता.

"भैया, हर्डल उलटे रखे हैं. बच्ची को चोट लगेगी," सर म्हणाले.

"बाबूजी, बड़े लोगों ने देख के रखवाए हैं. आप उधर बैठो."

सरांनी ओरडून पाहिले, पण बँडपुढे त्यांचा आवाज कुठला पोहोचणार! मला तर तोंडच नाही.

प्रांजलीचे नाव पुकारले गेले. ती आली, आणि पळायच्या जागी न जाता सरळ माझ्यापाशी आली, कारण रांगेत पहिला मीच होतो. तिने तळहात ठेवून मला ढकलले. मी हललो नाही. पुन्हा ढकलले. मी तसाच. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मंचावरून दौलतसिंह खाली धावले. "बेटा, ये क्या कर रही हो? भागो! साहब को निकलना है."

"हा पडत नाहीये, अंकल."

"तो अच्छा है ना! मजबूत है!"

"ये नहीं गिरा तो मैं गिरूँगी. सरांनी सांगितलंय, पाडल्याशिवाय पळायचं नाही."

"कौन से सर?"

ऐकलेत, मित्रांनो? कौन से सर!

प्रांजलीने दोरीकडे बोट दाखवले. दौलतसिंहांनी तिकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या पत्र्याच्या पट्टीवर त्यांची नजर थांबली, आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्याकडे गेला.

तोवर सर दोरी वर करून आत शिरले होते. पहारेकरी नुसता बघत राहिला. सरांनी आणि प्रांजलीने आम्हाला एकेक करून फिरवले. पाहुण्यांचे नाव आता मंचाकडे पाठ करून उभे होते. प्रांजलीने मला पुन्हा ढकलले. मी आनंदाने पडलो. तिने मला उचलले आणि मग ती धावली. वाऱ्यासारखी धावली. माझ्यावरून जाताना तिचे मागचे पाऊल पट्टीला घासले, तसा मी नावासकट धुळीत पालथा झालो. ती मात्र तोल सावरून पार पलीकडे पोहोचली. उलटा असतो तर?

पाहुणे निघून गेले. सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दौलत, पडलाय तो. उचल."

पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले अध्यक्ष वाकले आणि त्यांनी मला उचलले.

"सर, ही चीर माझीच ना?"

"तुझीच. आणि आज प्रांजलीचा गुडघा गेला असता."

एवढ्याने माझा राग गेला असे समजू नका. ज्यांना पाडून बघायला कोणी शिकवलेलेच नाही, अशी कितीतरी मुले कुठे ना कुठे धावत असतील. म्हणून तुम्हाला सांगतो. उद्या मैदान तुमच्या हाती येईल. आमच्यावर हवे त्याचे नाव लावा, पण आमचे पाय धावणाऱ्याकडे ठेवा. आणि तुमच्या वाटेत कोणी अडथळा उभा केला, तर आधी हाताने ढकलून बघा. तो पडत नसेल, तर धावू नका. ज्याने तो ठेवला, त्याला बोलवा आणि त्याच्याच हातून फिरवून घ्या.