बर्फखान्याची ताई

“…आणि जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी दादांनी मला मिठी मारली. म्हणाले, ‘गड्या, बर्फखाना आता तुझ्या बोटांत आहे.’ त्या शब्दांवर मी आजवर…”

“कधी?” भावाच्या स्मृतिसभेत पहिल्या रांगेत बसलेल्या ताईंनी विचारलं.

आवाज चढवलेला नव्हता. पण सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. न ओरडता पलीकडच्या माणसापर्यंत पोचायची त्यांना सवय होती. व्यासपीठावरचा गिटारवादक थबकला. त्याचं नाव आता मोठं झालं होतं, केस मात्र तेव्हासारखेच खांद्यापर्यंत, फक्त रंगवलेले.

“शेवटी शेवटी हो, ताई. तुमच्या घरीच की.”

“माझ्या घरी? कुठल्या खोलीत?”

“आता खोली कुठे लक्षात राहणार?” तो हसला. त्याच्याबरोबर सभागृहही हसलं.

“त्याची वाचा गेली होती,” ताई म्हणाल्या. “जायच्या कितीतरी वर्षं आधी. मला हाकसुद्धा मारता यायची नाही त्याला. तुझ्याशी एवढं लांबलचक वाक्य कसा बोलला?”

गिटारवादकाने पाण्याचा ग्लास उचलला. निवेदिका लगबगीने पुढे आली आणि म्हणाली, “सख्खी बहीण आहे, भावुक होणारच. ताईंसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.”

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांनीच ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलेला प्रश्न टाळ्यांखाली पुरून टाकला होता. त्यांनी पर्स उचलली आणि त्या मधल्या वाटेने, कुणाकडेही न बघता, बाहेर पडल्या.

बर्फखाना म्हणजे खरोखरचा जुना बर्फाचा कारखाना. बंद पडलेला, दादाने भाड्याने घेतलेला. थंडावा टिकावा म्हणून भिंतींत बुचाचा जाड थर भरलेला होता, त्यामुळे आत गिटार किंचाळली तरी रस्त्यावर चिटपाखरू जागं व्हायचं नाही. ब्लूज आणि रॉक वाजवणारी पोरं लांबलांबून यायची. एक्स्चेंजची ड्यूटी संपली की ताई येऊन तिकिटाच्या खिडकीत बसायच्या. खिडकीतून मंच दिसायचा नाही. दिसायचा फक्त खांबाला टेकून उभा असलेला दादा. वाजवणं बेताचं असेल तर तो हाताची घडी घालून तसाच उभा राहायचा. पण एखादं गाणं खरंच जमलं, की गुडघे दुमडत हळूहळू तिथेच जमिनीवर बसायचा. ताईंना त्यावरून कळायचं. मग त्या खिडकी ओढून घ्यायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या.

हा गिटारवाला पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बुटाचा तळ दोरीने बांधलेला होता. मंचामागच्या बाकावर झोपायचा. त्याच्या शर्टाची बटणं ताईंनी लावून दिली होती, तापात कपाळावर पट्ट्याही ठेवल्या होत्या.

मग दादाला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि वर्षाच्या आत बर्फखान्याला कुलूप लागलं. ताईंनी भावाला घरी आणलं. सुरुवातीला फोन यायचे, “येतो हं ताई, नक्की येतो.” पुढे तेही बंद झाले. ताईंनी स्वतः या गिटारवाल्याला कितीदा फोन लावला होता. दरवेळी कुणीतरी सांगायचं, साहेब दौऱ्यावर आहेत. दादा दाराकडे बघत बसायचा, आणि ताई उशी नीट करायचं निमित्त काढून त्याची खुर्ची दुसरीकडे वळवायच्या.

“ताई, थांबा जरा. दम लागतो मला.”

रस्त्यावर मागून ढोल्या येत होता. अंगाने काडी, पण ड्रम वाजवायचा म्हणून नाव पडलं ढोल्या. बर्फखाना बंद झाल्यावर बस चालवून निवृत्त झाला होता. दर रविवारी दादाची दाढी करायला यायचा. दाढी झाली की टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, आणि दादा डाव्या हाताने त्यात ठोका टाकायचा. तेवढंच त्यांचं बोलणं.

“तू कुठे होतास?”

“शेवटच्या रांगेत.”

“वर का नाही बोलावलं तुला?”

“मी कोण? बस ड्रायव्हर.”

“आणि तू ऐकून घेतलंस सगळं? तुला राग नाही येत?”

“येतो की. तो खोटं बोलत होता तेव्हा मुठी वळल्या होत्या माझ्या. पण ताई, तो तिथे वाजवायचा ते खोटं नव्हतं. ते मी कसं नाकारू? मागे ठेका माझाच होता.”

“मी नाकारत नाहीये,” ताई म्हणाल्या. “मीही ऐकलंय. म्हणून तर चीड येते. वाईट वाजवणारा असता तर विसरून गेले असते.”

दोघं चालत राहिले. बोलता बोलता पाय नेहमीच्या वळणावर वळले आणि ते बर्फखान्याच्या जागेवर येऊन उभे राहिले. इमारत केव्हाच पाडली होती. आता तिथे गाड्या लावायची मोकळी जागा होती, पांढरे पट्टे मारलेली. ताई पट्ट्यांमधून बघत बघत आत गेल्या आणि मागच्या भिंतीजवळ थांबल्या.

“मंच इथेच ना?”

“इथेच. माझा ड्रम त्या कोपऱ्यात.”

तिथे एक करडी गाडी उभी होती. आत बसलेला माणूस फोन बघत होता. ताईंनी काचेवर टकटक केली.

“गाडी जरा पुढे लावता का?”

“का? इथे लावायला बंदी आहे?”

“नाही. पण लावू नका.”

माणसाने आधी ताईंकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे ताठ उभ्या राहिलेल्या ढोल्याकडे. काय वाटलं कोण जाणे, त्याने गाडी सुरू केली आणि तीन पट्टे सोडून पुढे नेऊन लावली.

मोकळ्या झालेल्या जागेवर तेलाचा एक डाग तेवढा उरला. ताई तिथे उभ्या राहिल्या. रस्त्यावरून दुसरी एक गाडी आत वळली आणि सरळ त्यांच्या दिशेने येऊ लागली.

ताईंनी हात वर केला.

“इथे नाही,” त्या म्हणाल्या. “पलीकडे जागा आहे.”