शेजारी मगर असताना

मित्रांनो, मी एक म्हातारी वटवाघळीण आहे. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या जातीतली. तरुणपणी तारेत अडकून माझा पंख फाटला. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, जीव वाचला. उडणं मात्र सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून माझं बिऱ्हाड इतर काही वटवाघळांसोबत या जाळीच्या पिंजऱ्यात आहे. समोरच्या तळ्यात एक मगर राहते.

शेजार असा, की माणसं आमची तुलना केल्यावाचून पुढे जात नाहीत. मगरीकडे बघून म्हणतात, "काय रुबाब आहे." माझ्याकडे वळली की नाकाला रुमाल. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "उलटं लटकणारं, उलट्या काळजाचं." मी कधी कुणाच्या वाटेला गेले नाही, पिकलेल्या फळांवर माझी गुजराण. तरी मान खाली जाई. आमची मान मुळातच खाली असते म्हणा, पण लाज ती लाजच. पोट मोकळं करायला आम्हाला सुलट व्हावं लागतं. तेवढ्यासाठीसुद्धा मी जाळीपुढची माणसं जाईपर्यंत कळ काढत असे.

मग उतारवयात मला पिल्लू झालं. ते पोटाला बिलगलं आणि मी पंख घट्ट मिटून घेतले. कुणाच्या नजरेला ते पडायला नको. बिचाऱ्याचे डोळे उघडले, तरी त्यानं काळोखच पाहिला.

"अगं बाई, वारा तरी लागू दे त्याला," फळं मांडताना राखणदार काका म्हणत.

त्याच उन्हाळ्यात मगरीनं वाळू उकरली. अंड्यांतून निघालेली पिल्लं तिनं त्या भयंकर दातांमध्ये अलगद धरली आणि भरगर्दीसमोर पाण्यात नेऊन सोडली. कोण काय म्हणेल, हे तिच्या गावीही नव्हतं. मी एकटक बघत राहिले. माझ्या पिल्लाला यातलं काहीच दिसत नव्हतं.

मी पंख उघडले. उजेड पडताच त्यानं आपले इवलेसे पंख तोंडावर ओढून घेतले. पलीकडे कुणीतरी हसलं, तसं ते आणखी आक्रसलं. दुसरं काही शिकवायच्या आधी मी त्याला लाजायला शिकवलं होतं.

"बघेल हो हळूहळू," काका म्हणाले. आता बघतंही, पण गर्दी पांगल्यावर.

मित्रांनो, मला सुंदर म्हणा, असा माझा आग्रह नाही. जाळीपुढे उभे राहाल तेव्हा जरा जपून बोला, एवढंच. आईच्या कुशीत लपलेल्यालाही सगळं ऐकू येतं.