न भरलेला गठ्ठा

पडद्यावरचा पिवळा ठिपका काही हिरवा होईना. दुसऱ्या रुग्णालयातून गोठवून आलेलं दूध कोमट पाण्यात वितळून तयार होतं आणि वहिनी बाटली हातात धरून उभी होती. ती इथल्या मातृदुग्धपेढीची मुख्य परिचारिका.

"चारला बाळाला पाजायचंय," ती म्हणाली. "तोवर हिरवा झाला नाही तर डॉक्टर डब्यातलं दूध सुरू करतील. एवढ्याशा आतड्यांना ते सोसेल की नाही, कोण सांगणार?"

संगणकासमोर तिची नणंद बसली होती. या ठिपक्यामागची व्यवस्था तिनेच उभी केलेली. चार रुग्णालयं एकमेकांना आईचं दूध पुरवत, पण एकाच्या नोंदींवर दुसऱ्याचा भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येक बाटलीची तपासणी ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींच्या सामायिक साखळीवर, लिहायचं ठरलं. तिथलं सगळ्यांना दिसतं, कुणा एकाला खोडता येत नाही. अडचण वेगाची होती. त्या साखळीवर जगभरच्या नोंदी रांगेत उभ्या असतात. एकेका बाटलीची नोंद वेगळी पाठवायची तर वाट पाहण्यातच दूध वाया जायचं. नणंदेने मग साखळीवर दुसरा थर बांधला. नोंदी तिथे झटपट जमायच्या, त्यांचा गठ्ठा व्हायचा आणि सगळा गठ्ठा खरा असल्याचा एकच पुरावा खाली मूळ साखळीवर जायचा. पुरावा पोचला की ठिपका हिरवा आणि दूध पाजायला मोकळं.

आज पहिलाच दिवस. सकाळी ठिपके भराभर हिरवे होत गेले, तेव्हा वहिनी म्हणाली होती की माझ्या लग्नात तू इतकी हुशार दिसली नव्हतीस. आता ती दर मिनिटाला पडद्यात डोकावत होती.

नणंदेचा सहकारी, ज्याला थोडक्यात उत्तर देता येत नाही म्हणून सगळे गुरुजी म्हणत, त्याने जोडणी तपासली, पुरावे तपासले. सगळं बरोबर. शेवटी नणंदेने गठ्ठाच उघडून पाहिला. आत जेमतेम तीन नोंदी. गठ्ठा भरल्याशिवाय निघायचा नाही, असा नियम तिनेच लिहिला होता. सकाळी चारही ठिकाणांहून नोंदी येत होत्या. जेवणानंतर कुणी बाटल्या पाठवतच नव्हतं. चाचणीत यंत्र न थांबता बनावट नोंदी ओतायचं, त्यामुळे अर्धा गठ्ठा कधी कुणी पाहिलाच नव्हता.

गुरुजी म्हणाला, खोट्या बाटल्यांच्या नोंदी टाकून गठ्ठा भरू, लगेच निघेल.

"नको. त्या तिथे कायमच्या राहतील," नणंद म्हणाली. "मग उद्या हिरवा ठिपका पाहून वहिनीने काय समजायचं?"

तिने नियम बदलून लिहिला: भरो न भरो, काही मिनिटांनी गठ्ठा निघालाच पाहिजे. अर्ध्या गठ्ठ्यालाही मूळ साखळीचं शुल्क पूर्णच पडतं, अशी कुरकुर गुरुजीने केली. प्रवासी कमी म्हणून शेवटची बस आगारात ठेवतात का, असं तिने विचारलं.

पण बदल लागू व्हायला चारपैकी तीन रुग्णालयांची संमती हवी होती. कुणालाही, अगदी तिला स्वतःलाही, एकट्याने नियम बदलता येऊ नये, हा हट्ट तिचाच. वहिनीने इथली संमती दिली. दुसऱ्या रुग्णालयातली बाई फोनवर, बदल वाचल्याशिवायच हो म्हणाली, तर नणंदेने तिला आधी वाचायला लावलं. तिसरीकडचा तंत्रज्ञ वैतागलेला होता. अर्ध्या गठ्ठ्याचा पुरावा कच्चा नसेल कशावरून, असं त्याने विचारलं. गठ्ठा लहान असला तरी पडताळणी तीच, हे तिने सावकाश समजावलं. त्याने स्वतः पडताळणी करून पाहिली. वहिनीची नजर घड्याळावर होती.

संमती आली. गठ्ठा निघाला. थोड्या वेळाने, चार वाजायच्या आत, ठिपका हिरवा झाला.

वहिनी बाटली घेऊन आत गेली. काचेपलीकडे तिने सिरिंजमध्ये दूध भरलं, बाळाच्या नाकातल्या बारीक नळीला जोडलं आणि हात उंच धरून उभी राहिली. दूध हळूहळू खाली उतरलं. नणंद काचेपाशी उभी राहून पाहत होती.

वहिनी बाहेर आली. "पचतंय असं दिसलं तर पुढचं दूधही तिकडूनच मागवते. संध्याकाळी तर दुसरं कुणीच काही पाठवत नाही. चालेल ना तुझं यंत्र?"

"चालेल. तुझी एकच बाटली असली तरी."

"बरं," म्हणत वहिनीने फोन उचलला.