मेंढवाड्याची ताटी

दैवशालाची मान झटकन डावीकडे वळली, डोळे फडफडले, घशातून ‘हुक्’ असा आवाज आला. तशी शेजारच्या सुलाबाईनं तिच्या पायावर भंडारा उधळला.

येडबाची छाती फुगली. सातवीतल्या नातीच्या अंगात बिरदेव! परवा जत्रेत पोर देवापुढं बसून पावसाचं भाकीत सांगणार, असं त्यानं सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेंढवाड्याच्या दाराची काटक्यांची ताटी अर्धवट धरून एकेक मेंढरू सोडत होता, तिथं दैवशाला आली.

“आज्या, मी न्हाई बसणार. देव न्हाई त्यो. ह्या झटक्याला टिक म्हणत्यात. परभणीच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं.”

“तिला काय कळतंय देवातलं?”

“बरं, ही ताटी कशाला धरलीस?”

“मग? सगळी एकदम भाईर येतील की.”

“मेंदूत खोल आतबी अशीच ताटी असती. मान वळव, डोळा मिट, असली मेंढरं आत दाटलेली. कामाचं तेवढंच सोडायचं. माझी ताटी जरा ढिली हाय. एखादं निसटतंय.”

“आवळून धर.”

“शाळेत धरते. पण आधी मानेत खाज सुटल्यागत व्हतंय, आन दाबलं की वाढतंय. तू धरून बघ.”

येडबानं ताटी दाबली. आत मेंढरं एकमेकांवर चढली, ताटी करकरली. शेवटी हात सुटला. कळप अंगावरून गेला आणि म्हातारा धुळीत बसला. दैवशाला खदखदून हसली. हसता हसता मान झटकली.

एवढं रेटून धरती पोर? रोज?

“बऱ्याच जणांचं मोठेपणी कमी व्हतंय,” ती म्हणाली. “पण उद्या मी पाऊस सांगितला, लोकांनी पेरलं, आन आलाच न्हाई तर?”

येडबा धूळ झटकत उठला आणि कळपामागं निघाला.

जत्रेच्या दिवशी देवापुढं ढोल थांबले. सगळी वाडी पोरीकडं बघायला लागली. येडबा उठला.

“चूक माझी. अंगात देव न्हाई आला.”

“मग बाधा हाय का काय?” सुलाबाई म्हणाली.

“बाधा तुझ्या जिभेला! सांग गं, ताटीचं.”

दैवशाला उभी राहिली. सांगता सांगता निम्म्यात आली, तोच ‘हुक्!’ भंडाऱ्याची मूठ कुणीच उचलली नाही.

“निसटलं का एक?” मागून वाडीतल्याच बन्सीधरनं विचारलं.

“निसटलं,” ती म्हणाली. लोक हसले, तीही हसली आणि पुढं सांगू लागली.

येडबा सुलाबाईकडं वाकला. “डॉक्टरीणबाईनं निस्तं मेंदूचं सांगितलं व्हतं. ताटीचं तिनं स्वतः काढलंय.”