एक पोर जास्त

मी फुटबॉलच्या मैदानावरचा गोलखांब बोलतोय. दोन्ही हात वर असतात म्हणून शरण आलोय असं समजू नका! तेलविहिरीवरचे टाकून दिलेले लोखंडी नळ जोडून बर्ट कुचेराने मला घडवलं आणि अमेरिकेतल्या या गव्हाच्या माळावर रोवलं. वाऱ्याने कुंपणं गेली, छपरं गेली, मी हललो नाही.

आमचं गाव डेल्विन. शाळा एवढीशी, म्हणून आम्ही लहान गटात. आठ जणांचा संघ, मैदानही आखूड. इथला फुटबॉल पायाने कमी, चेंडू हातात धरून धावत जास्त खेळतात. शुक्रवारी संध्याकाळी मैदानाभोवती गाड्या लावून अख्खं गाव इथे. कोबी-खिम्याचे गरम पाव खात बसायचं, आणि आपल्या पोराने चेंडू पोटाशी धरून माझ्यापर्यंत आणला की हॉर्न वाजवून कान किटवायचे.

नियम असा, की शाळेत ऐंशीपर्यंत पोरं असतील तर लहान गट. एक जरी जास्त झालं तर अकरा जणांच्या मोठ्या गटात जा. नाहीतर लहान गटातच खेळा, पण बाद फेरीचं नाव काढू नका. मोजणी हिवाळ्यात होते, पुढच्या हंगामासाठी, आणि मोजताना मुलींनाही धरतात.

ऐन मोजणीच्या तोंडावर एव्हारिस्तो साल्सिदो डेअरीवर कामाला आला. त्याची नोएमी नववीत बसली आणि शाळेत एक्याऐंशी झाले. त्या पोरीने जन्मात चेंडूला हात लावला नव्हता.

कोच लायल ह्रुस्कांनी साल्सिदोला माझ्यापाशीच गाठलं.

"एव्हारिस्तो, मोजणीपुरतं पोरीला शेजारच्या गावी घाल की."

"आणि त्यांचेही ऐंशी भरले असले तर?"

"चेष्टा नको रे. पुढचं वर्ष माझ्या ट्रेंटचं शाळेतलं शेवटचं आहे."

"माझ्या पोरीचं हे पहिलं आहे, कोच."

मग मैदानावरच गावाची सभा झाली. कोचची बायको आर्लीन म्हणाली, "राहू या की लहान गटातच. पोरांना खेळायला तर मिळेल."

"बाद फेरी नाही, तर खेळायचं कशाला? हवा खायला?" कोणीतरी ओरडलं. मोठ्या गटासाठी भराभर हात वर झाले. माझेही वरच होते, पण माझं मत कोणी धरू नये. ठरवलं गावाने, आणि बोल आला पोरीवर. ती मैदानावरून घरी निघाली की पोरं ओरडायची, "ए, एक्याऐंशी आली रे!" ती मान खाली घालून चालायची. मला फार राग यायचा.

मला उपटून मागे रोवलं. मैदान लांबलं, पण खेळणारी पोरं तीच चौदा. समोरच्यांकडे बाकं भरून राखीव गडी. आमच्यातला कोणी दमला तरी बाहेर कसा जाणार?

तिसऱ्या सामन्यात ट्रेंटला नीट उभंही राहवत नव्हतं.

"ट्रेंट, बाहेर ये!" कोच ओरडले.

"कोणाला घालता, बाबा? उरला होता तो डॅन, त्याचाही गुडघा गेलाय!"

मैदानावर तो बापाला नेहमी कोच म्हणायचा. त्या दिवशी बाबा म्हणाला. पुढच्याच डावात दोन धिप्पाड पोरं त्याच्यावर आदळली आणि तो माझ्या पायाशी डोक्यावर पडला. रविवारी इस्पितळात त्याने प्राण सोडला.

हिवाळ्यात पुन्हा मोजणी झाली. बारावीची जेवढी गेली होती, तेवढीच नववीत आली होती. नवं कुटुंब आलं नाही, कोणी गाव सोडलं नाही.

आज बर्ट मला पुन्हा पुढे न्यायला ट्रॅक्टर घेऊन आलाय. कोचही आलेत. बर्ट सवयीने बोलून गेला, "बरं झालं कोच, यंदा बसलो ऐंशीत." मग त्याने जीभ चावली.

कोच मला धरून उभे राहिले. म्हणाले, "हो. एक कमी झाला ना."



आता मी निघतो. मी पुढे सरकलो की ट्रेंट पडला ती जागा मैदानाबाहेर राहील. गावकऱ्यांनो, तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आज एवढंच मागतो, तिथे गाड्या लावू नका.