आठ पायांचा ट्रे

आमच्या प्रयोगशाळेत मॅडमचा एकच नियम आहे: आधी पाय मोजायचे, मग ट्रे ठरवायचा. सहा पाय असले तर कीटक, आठ असले तर विंचू नाहीतर कोळी, दहा असले तर खेकडा. मोजता मोजता जीव मेटाकुटीला आला, की समजायचं गोम आहे.

आज सकाळी काचेच्या पेटीत पाळलेला मोठा कोळी मेलेला दिसला. ॲप्रन चढवून मी त्याला चिमट्याने उचललं, आठ पाय मोजले आणि ट्रेमध्ये ठेवून चिठ्ठी लावली.

मॅडमनी ट्रे हातात घेतला. "अगं, हा कागदासारखा हलका आहे. पाठ बघितलीस का?"

पाठ झाकणासारखी उघडली होती आणि आत काहीच नव्हतं. ही सगळी मंडळी वाढताना कात टाकतात, हे मुलांना मीच बजावत असते.

"मग कोळी कुठंय?" मॅडमनी विचारलं.

मी पेटीकडे बघितलं. पेटीचं झाकण किंचित सरकलेलं होतं. तिच्या वरच्याच खुंटीला माझा ॲप्रन रात्रभर लटकत होता.

तेवढ्यात मानेवर काहीतरी टेकलं. सवयीने मी मोजायला लागले. सातवर थांबले, तेव्हा आठवा हळूच टेकला.